लिनिअर घेण्याआधी सिग्नल साफ करा

हॅम म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा झाली, व्हीयू3 ने सुरू होणारा कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) आला की परभणी-लातूरकडच्या नव्या हॅमचा पहिला प्रश्न ठरलेला: "काका, लिनिअर कोणता घेऊ?" लिनिअर म्हणजे रिगचा, अर्थात रेडिओ सेटचा, सिग्नल मोठा करणारा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. आधी परवान्यात किती वॅट दिलेत ते बघ, असं मी म्हणतो. आणि मग हिशोब मांडतो. 100 वॅटचे 400 केले तर वाढ 6 डेसिबलची, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एक एस-युनिट (सिग्नलची ताकद मोजायची एक पायरी). सिग्नल मळका असेल तर मळही तेवढाच वाढतो.

एसएसबीचा (सिंगल साइडबँड, हॅमची बोलायची नेहमीची पद्धत) आवाज साधारण 3 किलोहर्ट्झमध्ये मावला पाहिजे. जादा ड्राइव्ह (आत जाणारा सिग्नल) दिला की लाटेचे शेंडे कापले जातात आणि भलतीच मिश्रणं शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतात. हेच स्प्लॅटर. 1993 मध्ये किल्लारीच्या भूकंपानंतर हॅम मंडळींनी संदेश पोचवले होते. तशा वेळी असा एक फुगलेला सिग्नल शेजारचं अख्खं नेट (एका फ्रिक्वेन्सीवर जमलेली स्टेशनं) बंद पाडू शकतो.

बहुतेक घाण माइक गेनमधून (माइकचा आवाज किती वाढवायचा त्या बटणातून) येते. साधा वॅटमीटर बोलताना सरासरी दाखवतो. 100 वॅटच्या रिगवर सुई 30-40 च्या आसपास नाचली तर रिग ठणठणीत आहे. ती 100 वर न्यायला गेन पिळू नका. कॉम्प्रेसर (बारीक आवाज उचलणारी सोय) बंद ठेवा, एएलसी (ड्राइव्ह आपोआप आवरणारं सर्किट) मीटरवर मॅन्युअलमधल्या पट्ट्यात राहू द्या, सगळं आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या रोधावर) जुळवा. "फाइव्ह नाइन" (स्पष्ट आणि जोरदार) रिपोर्टवर भाळू नका, लोक भिडेखातरही देतात. गावातल्या ओएमना (हॅम मित्रांना) 5 किलोहर्ट्झ वर-खाली जाऊन ऐकायला सांगा. मात्र त्यांनी येणारा सिग्नल दाबणारा अ‍ॅटेन्युएटर लावलेला हवा, नाहीतर जवळचा जोरदार सिग्नल त्यांचाच रिसीव्हर भरून टाकतो आणि बोल तुम्हाला लागतो.

आपल्याकडचं खरं दुखणं विजेचं. शेतीपंप चालू झाले की व्होल्टेज बसतं, लाइट गेली की रिग बॅटरीवर. 100 वॅटच्या रिगला 13.8 व्होल्ट लागतात आणि बोलताना तो 20 अँपिअरच्या आसपास ओढतो. वायर आणि फ्यूज होल्डर मिळून 0.05 ओहम जरी रोध असला तरी 1 व्होल्ट वाटेतच जातो. मग गेन बरोबर असूनही आवाज फाटतो. म्हणून व्होल्टेज बॅटरीवर नव्हे, रिगच्या प्लगवर, आणि तेही बोलताना मोजा.

मे महिन्यात खोलीच चाळिशीपार असते, त्यात हीटसिंकवर धूळ आणि जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाचा तूस. ब्रशने काढा; ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरा. घरी बिटएक्स (स्वतः जुळवायचा एसएसबी रिग) बांधला असेल तर त्यातल्या आयआरएफ510 या मॉसफेटचा (पॉवर ट्रान्झिस्टरचा) धातूचा टॅब त्याच्या ड्रेन या टोकालाच जोडलेला असतो, म्हणून तो आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची चकती विसरू नका. मॉसफेट तापला की बायसचा करंट (सिग्नल नसतानाही वाहणारा) चढतो, त्यामुळे तो गरम झाल्यावर पुन्हा तपासा.

लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) टाळून कधीही बोलू नका: 7.1 मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला भाग, 14.2 वर, थेट 20 मीटर बँडवर पडतो.

जुन्या ओएमकडून 807 या व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा) लिनिअर मिळाला तर गोष्ट वेगळी. प्लेटवर 600 व्होल्ट किंवा जास्त असतात आणि ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा) तुटला असेल तर प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेलाच राहतो. तो मोजून, डिस्चार्ज करून, परत मोजल्याशिवाय आत हात घालायचा नाही. पहिल्यांदा उघडताना त्या ओएमनाच शेजारी बसवा.