हीटिंगचं बिल पाहून लाकडाकडे वळण्याआधी

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या आपल्या मंडळींचे फोन मला जानेवारीत यायला लागतात. थंडीतलं पहिलं मोठं बिल आलेलं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो: "घरात जुनी फायरप्लेस आहे, तिच्यात लाकडं जाळली तर गॅस वाचेल का?" शहरात भाड्याच्या घरात राहत असाल आणि हीटिंग गॅसवर असेल, तर नाही वाचणार. काहींना लाकूड खरंच परवडतं, त्यांच्याबद्दलही लिहिते. पण आधी बिलाचं बघू.

घराची किल्ली हातात आली की सामान आत घेण्याआधी मीटरचा फोटो काढा. गॅसचा वेगळा, विजेचा वेगळा, आकडे आणि मीटरचा नंबर दोन्ही स्पष्ट दिसतील असा. त्याच दिवशी पुरवठा करणाऱ्या कंपनीला रीडिंग कळवा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि तरीही कुणीतरी राहून जातंच. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने पहिलं रीडिंग दिलं नाही. कंपनीने अंदाजाने आकडा धरला आणि आधीच्या भाडेकरूने जाळलेला गॅस यांच्या खात्यावर चढला. फोन, ईमेल, तक्रारी यांत अख्खा हिवाळा गेला आणि शेवटी बरेचसे पैसे भरावेच लागले. पहिल्या दिवसाचा एक फोटो असता तर प्रश्नच आला नसता. घर सोडतानाही फोटो काढा. पुन्हा सांगते, घर सोडतानाही.

बातम्यांत 'प्राइस कॅप'चा वार्षिक आकडा येतो, तो तुमच्या बिलाची कमाल मर्यादा नव्हे. ऑफजेम ही नियामक संस्था दर तीन महिन्यांनी ठरवते ती मर्यादा युनिटच्या (बिलावरच्या kWh च्या) दराला आणि रोजच्या स्थिर आकाराला असते. जास्त वापराल तर जास्त भराल.

गॅसच्या एका युनिटपेक्षा विजेचं युनिट साधारण चौपट महाग पडतं, हे डोक्यात पक्कं बसवा. "सगळं घर कशाला तापवायचं" म्हणून पंख्याचा हीटर आणून दिवसभर लावणारे खूप पाहिले. अर्धा तास ठीक आहे, दिवसभर लावला तर गॅस परवडला म्हणायची वेळ येते. तेलाचा रेडिएटरही विजेवरच चालतो, दुकानदार काहीही सांगो.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरतो: हीटिंग चोवीस तास मंद चालू ठेवलं की स्वस्त पडतं. गॅस बॉयलरच्या साध्या घरात हे खोटं आहे. घर जितका वेळ गरम, तितका वेळ उष्णता भिंतींतून आणि खिडक्यांतून बाहेर जात राहते. टायमर लावा. वापरात नसलेल्या खोलीतल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह कमी करा. बॉयलर कॉम्बी असेल, म्हणजे गरम पाण्याची वेगळी टाकी नसेल, तर रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान 60 अंशांच्या आसपास आणा. बरेच बॉयलर 70-80 वर लावलेले असतात. पाणी रेडिएटरमधून पुरेसं थंड होऊन परत आलं तरच हे बॉयलर धुरातली उष्णता परत पकडतात. घरात टाकी असेल तर मात्र टाकीतल्या पाण्याचं तापमान 60 च्या खाली आणू नका, त्यात जंतू वाढतात.

दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत. चार पैसे घरी पाठवायचे म्हणून तान्ह्या बाळाला 14 अंशांच्या खोलीत ठेवणारे. मला याचा राग येतो, वाईटही वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने घरात किमान 18 अंश ठेवायला सांगितलं आहे. घरात बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर त्याखाली जाऊ नका, बचत दुसरीकडे करा. दाराखालची फट बंद करा, अंधार पडताच जाड पडदे ओढा, पडदा रेडिएटरवर लोंबू देऊ नका. पण खिडकीच्या चौकटीवरचे बारीक झरोके आणि भिंतीतली जाळी चिकटपट्टीने बंद करू नका. कपडे घरातच वाळतात, भाताची वाफ घरातच फिरते, आणि फेब्रुवारीपर्यंत कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते.

आता लाकूड.

जुन्या व्हिक्टोरियन घरांत दिवाणखान्यात लोखंडी चौकटीची, टाइल्स लावलेली सुंदर फायरप्लेस असते. तिच्यात काहीही पेटवू नका. वरचं धुराडं अनेकदा विटांनी बुजवलेलं असतं, नाहीतर त्यात पक्ष्यांची घरटी असतात, नाहीतर आतला गिलावा फुटून धूर वरच्या बेडरूममध्ये जातो. समोरून यातलं काहीच दिसत नाही. बार्बेक्यूचे निखारे ऊब यावी म्हणून आत आणणं तर त्याहून वाईट. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर ती सर्दी नव्हे. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि गॅस आणीबाणीच्या 0800 111 999 या नंबरवर फोन करा. कुणी बेशुद्ध असेल तर 999, म्हणजे रुग्णवाहिका. ऑक्टोबर 2022 पासून इंग्लंडमध्ये गॅस बॉयलर किंवा स्टोव्ह (स्वयंपाकाचा नव्हे, लाकूड जाळून खोली तापवायचा) असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं घरमालकावर बंधनकारक आहे. नसेल तर मागा. ईमेलने मागा. घरमालक नाराज होईल म्हणून गप्प बसायची आपली सवय इथे सोडा.

कायदाही आहे. 1952 च्या लंडनमधल्या जीवघेण्या धुरक्यानंतर 1956 मध्ये क्लीन एअर ॲक्ट आला, आणि तेव्हापासून बऱ्याच शहरांत धूर-नियंत्रण क्षेत्रं आहेत. लंडनचा बहुतेक भाग त्यात येतो. तिथे उघड्या शेगडीत लाकूड जाळता येत नाही, सरकारमान्य स्टोव्हच लागतो, आणि धुराड्यातून धूर निघाला तर 300 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमचा पत्ता त्यात येतो का, ते कौन्सिलच्या संकेतस्थळावर कळतं.

स्वतःचं घर असेल आणि स्टोव्ह बसवायचा विचार असेल, तर एक हिशोब करा. एक किलो कोरड्या लाकडात साधारण 4 युनिट उष्णता असते. चांगल्या स्टोव्हमधून त्यातली 3 खोलीला मिळते. गॅस बॉयलरमध्येही थोडी उष्णता वाया जाते, म्हणून एक किलो लाकूड जवळपास साडेतीन युनिट गॅसचं काम करतं. तुमच्या बिलावरचा गॅसचा दर साडेतीनने गुणा. लाकूड किलोमागे त्याहून महाग मिळत असेल तर तुम्ही तोट्यात आहात, आणि पेट्रोल पंपावर जाळीच्या पिशवीत मिळणारं लाकूड हमखास महाग असतं. वर स्टोव्ह, धुराड्यातली पोलादी नळी आणि बसवण्याची मजुरी मिळून काही हजार पौंड जातात, आणि गरम होते ती मुख्यतः एकच खोली. ज्या खेड्यांत गॅसची लाइन नाही, हीटिंग तेलावर किंवा विजेवर आहे, आणि कोरडं लाकूड जवळ, स्वस्त मिळतं, तिथे मात्र स्टोव्ह खरंच कामाला येतो. तेलाच्या दराला ऑफजेमची मर्यादाही नाही. बसवणारा हेटासकडे (स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंद ठेवणारी संस्था) नोंदलेला घ्या, त्याने दिलेला कागद जपून ठेवा. घर विकताना तो विचारला जातो.

लाकूड कोरडं म्हणजे किती, यात आपले लोक फसतात. ताज्या कापलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. तुमचे पैसे त्या पाण्याची वाफ करण्यात जातात आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसतो. तोच थर पुढे धुराड्यात पेट घेतो. ओलावा 20 टक्के किंवा कमी हवा. 2021 पासून इंग्लंडमध्ये 2 घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकताना 'रेडी टू बर्न'चा शिक्का लागतो, तो बघून घ्या. मोठी गाडीभर खेप घेणार असाल तर ओलावा मोजायचं छोटं यंत्र आणा. ओंडका मधोमध फोडा आणि सुया त्या ताज्या फोडलेल्या बाजूत टोचा. बाहेरची साल कोरडी लागते आणि आत 30 टक्के निघतात, हे मी गाडीवाल्यासमोरच करून दाखवलं आहे. कोरड्या ओंडक्याच्या टोकाला भेगा असतात आणि दोन एकमेकांवर आपटले की टणक, खणखणीत आवाज येतो, ओल्याचा बद्द. जुनं फर्निचर, रंग दिलेल्या फळ्या जाळू नका, त्यांचा धूर विषारी असतो.

दमा असलेलं माणूस घरात असेल तर स्टोव्हचा विचार सोडून द्या. चांगल्यातला चांगला स्टोव्हही बारीक धूलिकण सोडतो, आणि दार उघडून ओंडका टाकताना ते खोलीत येतात.

धुराडं वर्षातून निदान एकदा साफ करून घ्या. ऑक्टोबरात माणूस मिळत नाही, उन्हाळ्यातच वेळ ठरवा. राख झाकण असलेल्या धातूच्या बादलीत काढून बाहेर फरशीवर ठेवा. दुसऱ्या दिवशीही आत निखारा धगधगत असू शकतो, म्हणून पूर्ण गार झाल्याशिवाय ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.