‘आत्म’ म्हणजे आत्मा नव्हे : ‘स्व’ शिकायला बसलेल्या नव्या पोरापोरींसाठी

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्राच्या पेपरात ‘आत्मसन्मान’ यावर सोळा गुणांचा प्रश्न आला होता. मी चार पानं लिहिली. उपनिषदांतला आत्मा, गीतेतला न मरणारा आत्मा, थोडी ज्ञानेश्वरी आणि शेवटी ‘म्हणून प्रत्येकाने आत्म्याचा सन्मान करावा’. सोळापैकी दोन मिळाले आणि विषय राहिला. निकाल आला तेव्हा वेचणी सुरू होती. माय-बाबांसोबत वावरात कापूस वेचत होते, घरी कोणालाच सांगितलं नाही. आता मी तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते, तिसऱ्या प्रयत्नात सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राज्य पात्रता परीक्षा, निघाली. तरी ते दोन गुण आठवले की अजून पोटात खड्डा पडतो.

दरवर्षी दोन-चार जणी येऊन विचारतात, “ताई, तत्त्वज्ञान घेऊ, मानसशास्त्र घेऊ की समाजशास्त्र? ‘स्व’ तर तिन्हीकडे आहे. एकदा पाठ केलं की तिन्हीकडे चालेल ना?” नाही चालत. मी चार पानं नेमकी याच भरवशावर लिहिली होती.

आधी त्या शब्दाचं सांगते, कारण मी अडकले ती तिथेच. आमच्या भागात आत्महत्या हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. मी सातवीत असताना गावात सप्ताह बसला होता. महाराज सांगत होते, आत्म्याला शस्त्र कापत नाही, अग्नी जाळत नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याची बातमी आली. मी बाबांना विचारलं, आत्मा मरत नाही तर हत्या कशाची झाली? बाबा म्हणाले, “असं नाही इचारू, बाई.” तो प्रश्न तसाच राहिला. पुढे मी हे विषय घेतले ते बहुतेक त्याच प्रश्नामुळे.

उत्तर मिळालं ते नापास झाल्यावर. हायस्कुलात आम्हाला संस्कृत शिकवणारे गुरुजी तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांच्या ओसरीवर दहा मिनिटांत गाठ सुटली. संस्कृतात ‘आत्मन्’ हा शब्द दोन कामं करतो. एक, आत्मा नावाचं तत्त्व. दुसरं अगदी साधं, ‘स्वतः’. व्याकरणातलं आत्मनेपद आठवा, त्यात आत्म्याचा काही संबंध नाही. क्रियेचं फळ करणाऱ्याच्या स्वतःकडे येतं, एवढंच. आत्मकथा ही आत्म्याची कथा नसते. आत्मसन्मान म्हणजे स्वतःला स्वतःची वाटणारी किंमत. आणि आत्महत्या म्हणजे माणसाने स्वतःचा जीव घेणं. पूर्ण वर्षाची फी घेणाऱ्या क्लासने मला हे सांगितलं नव्हतं. तिथे नोट्स उतरवून देत आणि आम्ही उतरवून घेत असू. माझं मत कोणाला आवडो न आवडो, नोट्स उतरवून देणारा माणूस मार्गदर्शक नसतो. शब्द फोडून दाखवतो तो मार्गदर्शक, मग तो तुमच्या विषयाचा नसला तरी चालेल.

‘अहं’ हा शब्द याहून फसवा आहे. बोलण्यात अहंकार म्हणजे गर्व. सांख्य दर्शनात अहंकार हे प्रकृतीतून बुद्धी आणि बुद्धीतून पुढे निघणारं तत्त्व आहे, त्यात चांगलं-वाईट काही नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९२३ मध्ये मनाचे तीन भाग मांडले, त्यातल्या मधल्या भागाला मराठी पुस्तकं अहं म्हणतात. पण फ्रॉइडचा मूळ जर्मन शब्द साधा ‘मी’ असा होता. इंग्रजी भाषांतरकारांनी त्याचं लॅटिन ‘इगो’ केलं आणि आपल्याकडे त्याचं अहं झालं. त्या अहंचं काम गर्व करणं नाही, वासना, नीतीचा धाक आणि बाहेरचं वास्तव यांत मेळ घालणं हे त्याचं काम. आणि फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने आत्महत्येवरच्या १८९७ च्या ग्रंथात सांगितलेली ‘अहंवादी आत्महत्या’ ही गर्विष्ठ माणसाची नव्हे. समूहाशी जोडणारे धागे सैल झालेल्या माणसाची ती आहे. दरवर्षी माझ्याकडे येणाऱ्या दहा वह्यांत सहांमध्ये तिथे ‘अहंकारी व्यक्ती’ असं लिहिलेलं असतं. हे लिहाल तर गुण जातील आणि त्याहून वाईट म्हणजे मेलेल्या माणसावर तुम्ही गर्वाचा आरोप कराल.

शब्द सुटले की प्रश्न सुटा करा. तत्त्वज्ञान विचारतं, ‘मी’ असं काही खरोखर आहे का, आणि असेल तर काल-आज-उद्या ते तेच कशाने राहतं? मानसशास्त्र विचारतं, माणसाला स्वतःबद्दल काय वाटतं, ते कसं घडतं, कशाने बिघडतं, मोजता येतं का? समाजशास्त्र विचारतं, हा ‘मी’ माणसाच्या हातात दिला कोणी? पेपरात प्रश्न वाचला की आधी समासात लिहा, हा कोणाचा प्रश्न आहे. मी सेटच्या तिसऱ्या प्रयत्नात हेच केलं.

आता मुख्य सापळा. यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० च्या मानसशास्त्राच्या ग्रंथात ‘स्व’चे दोन भाग केले, जाणणारा ‘मी’ आणि जाणला जाणारा ‘मला’. समाजशास्त्रात शिकवला जाणारा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉर्ज हर्बर्ट मीड यानेही ‘मी’ आणि ‘मला’ असेच दोन भाग केले. त्याचं पुस्तक तो वारल्यावर तीन वर्षांनी, १९३४ मध्ये, त्याच्या व्याख्यानांच्या टिपणांवरून निघालं. शब्द तेच आहेत, अर्थ मात्र वेगळे. गाईडमध्ये दोघं एकाच पानावर असतात आणि आपण दोघांची उत्तरं एकमेकांत ओततो. मी दोन प्रयत्न यातच घालवले.

माझ्या मायचं उदाहरण घेते. आमच्या ग्रामसभेत बाया मागे, पदर घेऊन बसतात. एका उन्हाळ्यात हातपंप बंद पडून महिना झाला होता. सरपंच दुसराच विषय बोलत होते. माय उठली आणि म्हणाली, “पान्याचं काय ते आधी सांगा, बाकीचं मंग.” सगळे वळून बघायला लागले. घरी येताना मला म्हणाली, “मी कशी बोलली मलेच नाही समजलं.”

जेम्स हा प्रसंग असा पाहील. मायचं शरीर, तिचं लुगडं, घर, तीन एकर वावर, आम्ही लेकरं, हे सगळं तिचा भौतिक ‘मला’. गावात तिचं नाव, तो सामाजिक ‘मला’; आणि जितके लोक तिला ओळखतात तितके तिचे सामाजिक ‘मला’, असं जेम्स म्हणतो. तिचा स्वभाव, तिची सद्सद्विवेकबुद्धी, तो आध्यात्मिक ‘मला’. हे सगळं जी जाणते आहे, या क्षणी जिच्यात विचार वाहतो आहे, ती ‘मी’. म्हणजे जेम्सचा ‘मला’ ही मालकीची यादी आहे आणि ‘मी’ जाणणारा.

मीडला यादीत रस नाही. त्याच्या मते मायच्या आत आख्खं गाव बसलेलं आहे. “सुनेनं चारचौघात बोलू नये” हे तिला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. ते तिच्या आतच बोलत होतं. दुसऱ्यांच्या अपेक्षा आपण उचलून आत मांडतो, तो मीडचा ‘मला’. आणि त्या अपेक्षांना तिने जो जबाब दिला, उठून बोलली, तो ‘मी’. मीड म्हणतो, हा ‘मी’ करताना सापडत नाही, केल्यावर आठवणीत सापडतो. माय रस्त्यात नेमकं तेच म्हणाली होती. मीडचा ‘मी’ जाणणारा नाही, जबाब देणारा आहे. या दोन ओळी भिंतीवर लावून ठेवा.

मीडचे टप्पेही याला धरून समजतात. लेकरू भातुकलीत एकदा आई होतं, एकदा दुकानदार. एका वेळी एकच भूमिका. आट्यापाट्या खेळताना मात्र प्रत्येक पाटीवरचा गडी काय करेल हे एकाच वेळी डोक्यात ठेवावं लागतं. त्यातून ‘सामान्यीकृत इतर’ येतो, म्हणजे कोणी एक माणूस नव्हे, सगळ्या गावाचा मिळून एक आवाज.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कूली सोपा वाटतो म्हणून लोक त्याला एका ओळीत उरकतात. ‘आरशातला स्व’ १९०२ चा. तीन पायऱ्या आहेत. मी दुसऱ्याला कशी दिसते याची कल्पना, तो त्यावरून मला काय ठरवत असेल याची कल्पना, आणि त्यातून येणारा अभिमान किंवा लाज. पहिल्या दोन्ही पायऱ्यांत ‘कल्पना’ आहे, तो शब्द गाळू नका. सेटच्या दुसऱ्या निकालानंतर मी सात महिने गावच्या एसटी थांब्यावर उभी राहिले नाही. अर्धा कोस चालून फाट्यावर जायचे. मला खात्री होती, पारावरची माणसं म्हणत असतील, एवढी शिकली आणि काय झालं. एकदा पावसात थांब्यावर थांबावंच लागलं. पारावरच्या एका आजोबांनी विचारलं, “कोनाची व्हय वो तू?” त्यांना मी ओळखूसुद्धा आले नव्हते. सात महिने मी ज्या आरशात बघत होते, तो माझाच होता. तुमच्यातलं कोणी आज त्या फाट्यावरून जात असेल तर एवढंच सांगते, थांब्यावर उभं राहा. लोक आपल्याला वाटतं तितका वेळ आपला विचार करत नाहीत.

जेम्सचं आत्मसन्मानाचं सूत्रही इथेच कामाला येतं, यश भागिले अपेक्षा. तो स्वतःबद्दल सांगतो की मानसशास्त्रात कोणी पुढे निघाला तर त्याला लागतं, ग्रीक भाषा येत नाही याचं काहीच वाटत नाही. माझा चुलतभाऊ दहावीला गणितात दोनदा नापास झाला, त्याला काही वाटलं नाही. पोळ्याला त्याच्या जोडीला कोणी नाव ठेवलं तर तो जेवत नाही. आत्मसन्मान कुठे टांगलेला आहे ते आधी बघा, मग ‘कमी’ आहे की ‘जास्त’ ते लिहा.

एक प्रयोग घरी करा. कुन आणि मॅकपार्टलंड या समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये लोकांना ‘मी कोण आहे?’ या एकाच प्रश्नाला वीस उत्तरं लिहायला लावली. लोक आधी सगळ्यांना समजणारी उत्तरं देतात, विद्यार्थी, मुलगी, अमुक धर्माची. ती संपली की मगच स्वतःपुरती उत्तरं येतात. मी बी.ए.ला केलं तेव्हा माझी पहिली अकरा उत्तरं घर, गाव, जात आणि नातं हीच होती. मला वाटलं, मला स्वतःचं असं काही नाहीच. मग मार्कस आणि कितायामा या मानसशास्त्रज्ञांचं १९९१ चं लेखन कळलं. सुटा, स्वतंत्र ‘स्व’ ही जगभरची एकच तऱ्हा नाही, जपानसारख्या समाजांत ‘स्व’ नात्यांत गुंतलेला असतो, असं ते मांडतात. धीर आला. पण म्हणून ‘भारतीय माणूस परस्परावलंबी असतो’ असं एका वाक्यात ठोकून देऊ नका. माझ्या मायसारखी बाई ग्रामसभेत उठते, तिचं काय करायचं मग?

तत्त्वज्ञानात आपल्या भागातल्या पोरांना एक फायदा आहे आणि तोच तोटा आहे. फायदा असा की हा वाद घरातच चालू असतो. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा घेतली होती. तिच्या घरी ‘आत्मा नाही’ हे सकाळच्या चहाइतकं नेहमीचं. आमच्या गल्लीतल्या महानुभाव पंथाच्या आजी रिद्धपूरला जाऊन येत आणि जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे चार पदार्थ बोटांवर मोजून दाखवत. तोटा असा की आपण घरचंच उत्तर पेपरात लिहून मोकळे होतो. घरचं मत घरी ठेवा असं मी म्हणत नाही; त्याच्या विरुद्धचा युक्तिवाद आधी नीट लिहा, मग आपलं मांडा.

ग्रीक राजा मिलिंद आणि बौद्ध भिक्खू नागसेन यांचा, रथ म्हणजे नेमकं काय हा संवाद मला बैलबंडीवरून समजला. चाक म्हणजे बंडी का? आख? जू? नाही. मग हे सगळं सोडून वेगळी बंडी आहे का? तीही नाही. ‘बंडी’ हे नाव आहे, वापरापुरतं खरं. तसंच ‘नागसेन’ हेही. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७३९ मध्ये लिहिलं की स्वतःत डोकावलं की कुठली तरी संवेदनाच सापडते, निव्वळ ‘मी’ कधी सापडत नाही. दोन्ही वाचून ‘ह्यूम आणि बुद्ध एकच सांगतात’ असं लिहायचा मोह होतो. आवरा. ह्यूमला ज्ञानाची मर्यादा बघायची होती, बुद्धांना दुःखाचं मूळ. आणि ह्यूमने पुढच्याच वर्षी परिशिष्टात कबूल केलं की या विषयातलं त्याचं स्वतःचंच उत्तर त्याला पटत नाही. एवढा मोठा माणूस अडला, तर तुम्ही अडलात यात लाज कसली.

सरावासाठी एक प्रश्न देते. माझी आजी शेवटची दोन वर्षं मला ओळखत नव्हती. ती तीच होती का? इंग्रज तत्त्वज्ञ लॉकचं उत्तर लिहा. त्याने व्यक्तीचं सातत्य जाणिवेवर, मागचं आठवण्यावर ठेवलं. मग स्कॉटिश तत्त्वज्ञ रीडचा आक्षेप लिहा. सेनापतीला तो तरुण अधिकारी असतानाचा पराक्रम आठवतो, त्या अधिकाऱ्याला शाळकरी वयात खाल्लेला मार आठवतो, पण सेनापतीला तो मार आठवत नाही; मग सेनापती आणि तो पोरगा एकच की दोन? त्यानंतर मानसशास्त्राकडून लिहा, नावं गेली तरी तिच्या ओव्या शेवटपर्यंत तोंडात होत्या. आणि समाजशास्त्राकडून लिहा, की आम्ही सगळे तिला ‘आजी’ म्हणूनच हाक मारत राहिलो. प्रत्येकी एक पान, एकमेकांत न मिसळता. मला हे नीट लिहायला तीन आठवडे लागले.

टेलिग्रामवरच्या पीडीएफ साठवू नका. सहा महिन्यांत सेट काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. सेटच्या दुसऱ्या पेपरात शंभर प्रश्न आहेत, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. पण जोड्या लावायला आल्या आणि ‘मी’-‘मला’ दिसलं की हात आवरून आधी बघा, समोर जेम्स आहे की मीड. क्रम माझ्या अनुभवाने असा ठेवा, आधी कूली आणि मीड, मग जेम्स, मग ह्यूम आणि नागसेन सोबत. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट शेवटी ठेवा, ह्यूम पक्का झाल्याशिवाय तो उघडू नका. पण सोडूही नका, मी सोडला होता आणि पहिल्या प्रयत्नात तिथेही कमी पडले.