हार्मोनची गोळी आणि अंगावरचे पुरळ : या चुका टाळा

स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया आणि केमो आटोपल्यावर रोग परतू नये म्हणून अनेकींना टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल ही हार्मोनला आळा घालणारी गोळी निदान पाच वर्षे घ्यावी लागते. अंगावर पुरळ उठले की आधी तीच परस्पर बंद केली जाते, आणि कर्करोग विभागात परिचारिका म्हणून मला सर्वांत जास्त त्रास याच चुकीचा होतो.

साताऱ्याकडच्या एका मावशींना लेट्रोझोलच्या चौथ्या आठवड्यात हातांवर खाजरे पुरळ उठले. शेजारीण म्हणाली, गोळी बाधली. मावशींनी ती थांबवली, आम्हाला कळवले नाही आणि दुकानातून खाजेची ट्यूब आणली, ज्यात क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड होते. चार महिन्यांनी त्या आल्या तेव्हा पिशवीतली गोळ्यांची पाकिटे तशीच भरलेली होती आणि कोपराच्या आतली कातडी इतकी पातळ झाली होती की खालच्या शिरा दिसत होत्या. ट्यूब बंद झाली, डॉक्टरांनी लेट्रोझोलऐवजी टॅमॉक्सिफेन दिले आणि पुरळ पुन्हा उठले नाही. गोळी बदलून मिळते, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात एका फोनवर कळले असते.

दोष गोळीचाच असतो असेही नाही. लेट्रोझोलने सांधे दुखतात, म्हणून बायका डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके घेतात, आणि पुरळ त्यांचेही असू शकते. म्हणून पुरळ दिसेल त्या दिवशी खिडकीच्या उजेडात, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढावा आणि नव्याने सुरू झालेले प्रत्येक औषध, केसांचा कलपसुद्धा, तारखेसह वहीत लिहावे, असा माझा आग्रह असतो.

“दोन दिवस बंद करून पाहिली, फरक नाही” या घाईच्या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही, कारण टॅमॉक्सिफेन शरीरातून जायला कित्येक आठवडे लागतात.

काही मिनिटांत ओसरणारी चेहऱ्यावरची लाली आणि घाम म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे.

मात्र अंगावर फोड, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, सोलणारी कातडी, चेहऱ्याला सूज किंवा धाप, यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ लाली किंवा बारीक गाठी आल्या, तर औषधाचे पुरळ समजून मलम लावत बसू नये. ती रोग परतल्याची खूण असू शकते, म्हणून त्याच आठवड्यात कर्करोगतज्ज्ञांना दाखवावे.