सीडी४ मोजताना मी खाल्लेली माती

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल, रबाळ्याला उतरून रिक्षा, मग एमआयडीसीतली लॅब. एमएस्सीला फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे लेझरने पेशी एकेक करून मोजायच्या पद्धतीचा, धडा होता, पण मशीन पहिल्यांदा तिथेच पाहिलं.

रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये येतं. ते फ्रीजमध्ये ठेवू नका, खोलीच्या तापमानालाच राहू द्या. लाल पेशी पांढऱ्यांच्या शेकडो पट असतात, म्हणून अमोनियम क्लोराइडने त्या आधी फोडायच्या. झालं का, हे कसं कळतं? ट्यूबमागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता आली की झालं. हे मला पुस्तकात कुठे सापडलं नव्हतं.

मशीनमध्ये पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात. समोर पडणाऱ्या प्रकाशावरून साधारण आकार कळतो, बाजूला उडणाऱ्यावरून (साइड स्कॅटर) आत किती दाणे आहेत ते. एवढ्यावरच लिम्फोसाइट, मोनोसाइट आणि ग्रॅन्युलोसाइट या पांढऱ्या पेशींचे तीन ढग दिसतात. पुढची ओळख रंग लावलेल्या अँटिबॉडी पटवतात. त्या पेशींवरच्या 'सीडी' नावाच्या, क्रमांक दिलेल्या खुणांना चिकटतात: टी पेशींवर सीडी३, बी पेशींवर सीडी१९, मोनोसाइटवर सीडी१४.

आणि इथेच मी माती खाल्ली. एका नमुन्यात सीडी४ असलेल्या टी पेशी भलत्याच जास्त आल्या. मी रिपोर्ट लिहून मोकळी. मॅडमनी एक शब्द न बोलता सीडी३चा प्लॉट उघडला. माझ्या गेटमधल्या, म्हणजे मोजण्यासाठी प्लॉटवर आखलेल्या चौकटीतल्या, बऱ्याच पेशींवर सीडी३ नव्हतंच! मोनोसाइटवरही फिकं सीडी४ असतं, आणि मी त्यांना सरसकट आत घेतलं होतं. बरोबर क्रम असा: सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरची खूण) आणि साइड स्कॅटरवर लिम्फोसाइट वेगळे काढा, त्यातून सीडी३, मगच सीडी४. सीडी८लाही हेच, कारण काही एनके (नॅचरल किलर) पेशींवरही ते फिकं दिसतं. 'नवीनच प्रकारची पेशी सापडली' असं वाटलं, तर आधी दोन पेशी एकमेकींना चिकटल्यात का ते बघा. हा आनंदही मी एकदा घेऊन झालाय.

रंग एकमेकांत सांडतात. एफआयटीसी या रंगाचा उजेड पीई या दुसऱ्या रंगाच्या डिटेक्टरमध्ये जातो, म्हणून कॉम्पेन्सेशनसाठी, म्हणजे हा सांडलेला उजेड वजा करण्यासाठी, एकेका रंगाच्या ट्यूबा लावायच्या. कंटाळा येतो, तरी लावा.

आमच्या मशीनवर मोजलेली पेशी सरळ वेस्टच्या कॅनमध्ये जाते. जिवंत पेशी वेगळ्या हव्या असतील तर सॉर्टर लागतो. तो प्रवाहाचे थेंब करतो, हव्या पेशीच्या थेंबाला विद्युतभार देतो आणि दोन प्लेटांमधून जाताना त्याला वेगळ्या ट्यूबमध्ये वळवतो. ते शिकायचं असेल तर संशोधन संस्था गाठा. खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक आहेच.

हल्ली मुलाखती मी घेते. उमेदवाराला कोरा कागद देते आणि सीडी४५-साइड स्कॅटरचा प्लॉट काढायला सांगते. निम्मे जण मोनोसाइट विसरतात.