नागपूरच्या उपनगरातील जुने घर घेण्यापूर्वी त्याचा विक्री-इतिहास आणि परिसर कसा तपासावा

मनीषनगर, हुडकेश्वर, दाभा किंवा वाठोडा या भागांत स्वतंत्र घर पाहायला गेल्यावर खोल्या, फरशी आणि किंमत यांवरच बोलणे सुरू होते. मात्र बयाणा देण्यापूर्वी ते घर ज्या प्लॉटवर उभे आहे तो आजवर कोणाकोणाच्या नावावर होता, हे उलट्या क्रमाने शोधून काढावे.

सुरुवात विक्रेत्याच्या रजिस्ट्रीपासून करावी. तिच्यातील मौजा (महसुली गाव), खसरा (सर्व्हे) क्रमांक, प्लॉट क्रमांक, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा उतरवून घ्याव्यात. विक्रेत्याला मालमत्ता कोणाकडून मिळाली याचा उल्लेख त्यातच असतो. त्यावरून आधीचे विक्रीपत्र मागवावे आणि मूळ शेतमालक किंवा ले-आउट पाडणारी गृहनिर्माण संस्था येईपर्यंत असेच मागे जावे. वकील साधारणपणे 30 वर्षांचा शोध घेतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर नागपूरची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांचा गोषवारा, साधारण 2002 पासूनची मिळते. त्याआधीच्या नोंदींसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात शुल्क भरावे लागते. काम कंटाळवाणे असले तरी दलालावर सोपवू नये, कारण त्याचे कमिशन व्यवहार पार पडण्यावरच अवलंबून असते.

साखळीतला एखादा व्यवहार केवळ मुखत्यारपत्रावर किंवा नोंदणी नसलेल्या करारनाम्यावर झालेला आढळला, तर तेथेच थांबावे. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. मालकाच्या निधनानंतर घर विकले गेले असेल, तर सर्व वारसांच्या, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या, सह्या विक्रीपत्रावर किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर आहेत का, हे पाहावे.

यापुढचा, जमिनीच्या प्रकाराचा टप्पा नागपुरात सर्वांत किचकट असतो. नागपूर सुधार प्रन्यासचा भाडेपट्ट्याचा प्लॉट असल्यास हस्तांतरणाच्या अटी प्रन्यासच्या कार्यालयात विचाराव्यात. नझूल जमीन, म्हणजे शहरातील सरकारी जमीन, असल्यास भाडेपट्ट्याची मुदत आणि नूतनीकरण तपासावे. शेतजमिनीवर पाडलेल्या खासगी ले-आउटमध्ये अकृषक आदेश किंवा 2001 च्या गुंठेवारी (परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट) कायद्याखाली मिळालेले नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे ज्याला सगळे ‘आरएल’ म्हणतात ते, प्रत्यक्ष हातात घेऊन वाचावे. ‘आरएल होणारच आहे’ हे वाक्य या शहरात अनेक वर्षे ऐकू येत आहे. त्याच्या भरवशावर किंमत ठरवू नये. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारावरील नाव आणि बोजा (कर्जाची नोंद), तसेच मंजूर नकाशापेक्षा जादा बांधलेला मजला याच वेळी लक्षात येतो. मालमत्ता कर, पाणी आणि वीज यांच्या ताज्या पावत्याही मागून घ्याव्यात.

परिसराची पाहणी जाहिरातीवरून करू नये. ‘मेट्रो दहा मिनिटांवर’ असे सांगितले असेल, तर खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक किंवा लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर मार्गावरील जवळच्या स्थानकापर्यंत संध्याकाळी स्वतः चालत जावे. बेसा, गोधनी अशा भागांत घर महापालिकेच्या हद्दीत आहे की बाहेर, यावर पाणी, मलवाहिनी आणि कचरा या तिन्ही गोष्टी ठरतात. मे महिन्यात विहीर किंवा बोअरला पाणी असते का आणि टँकर किती वेळा येतो, हे शेजाऱ्यांना विचारावे. पुराची चौकशीही तितकीच आवश्यक आहे. 23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा चांगल्या, महागड्या घरांचे तळमजलेही बुडाले. म्हणून नाला किती अंतरावर आहे आणि जोते रस्त्यापेक्षा किती उंच आहे, हे मोजावे. शाळा आणि दवाखाना नंतर पाहिले तरी चालतात.

सारे जुळल्यावर वकिलामार्फत स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी आणि हरकतींची मुदत संपल्यावरच बयाणा करावा. बयाणापत्रात मूळ कागदपत्रे सुपूर्द करण्याची तारीख आणि मालकीत दोष निघाल्यास रक्कम परत करण्याची अट लिहून घ्यावी. किंमत 50 लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून 1 टक्का आयकर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराचीच असते.