लाभांश पाहून शेअर घेण्यापूर्वी

कंपनीने ५०० टक्के लाभांश जाहीर केल्याचे वाचून हुरळून जाण्याआधी शेअरची दर्शनी किंमत, म्हणजे कंपनीने शेअरवर ठरवलेली मूळ किंमत, पाहावी, कारण ही टक्केवारी बाजारभावावर नव्हे, तर दर्शनी किमतीवर मोजली जाते. ती २ रुपये असेल, तर हाती प्रतिशेअर १० रुपये येतात आणि बाजारभाव १,००० रुपये असल्यास खरा परतावा अवघा १ टक्का ठरतो.

ज्या तारखेला नावावर शेअर असणाऱ्यांनाच लाभांश मिळतो, ती रेकॉर्ड डेट; लाभांश हवा असेल, तर शेअर तिच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी घ्यावा लागतो. मात्र केवळ लाभांशासाठी आदल्या दिवशी धाव घेण्यात हशील नाही, कारण रेकॉर्ड डेटला भाव साधारणपणे लाभांशाइतका खाली येतो आणि मिळालेल्या रकमेवर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार प्राप्तिकर भरावा लागतो, तो वेगळाच.

त्यापेक्षा गेल्या पाच-सात वर्षांचे वार्षिक अहवाल काढून लाभांश नियमित नफ्यातून दिला गेला, की एखादी मालमत्ता विकून, हे तपासावे. भाव कोसळल्यामुळेही परताव्याचा आकडा फुगलेला दिसतो, हे नवखे गुंतवणूकदार हमखास विसरतात. सरकारी तेल, कोळसा आणि वीज कंपन्यांचे लाभांश आकर्षक वाटले, तरी सगळी पुंजी त्यांतच गुंतवू नये. दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे तर मुदत ठेवीतच बरे.

शेअर ज्यात जमा असतात त्या डिमॅट खात्याला जोडलेले बँक खाते चालू ठेवावे, कारण सात वर्षे न घेतलेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जमा होतो.