हलकी रायफल, लांबचा नेम: वजन नक्की कुठून कमी करायचं

माझा भाचा कोलोराडोत फोर्ट कॉलिन्सला असतो. मार्चमध्ये त्याचा फोन आला, "मावशी, अडीच किलोची रायफल मिळतेय, 300 विन मॅगमध्ये. हजार यार्ड आरामात मारते म्हणतात. घेऊ का?" विन मॅग म्हणजे विंचेस्टर मॅग्नम, जोरदार धक्क्याचं काडतूस.

म्हटलं, "थांब जरा. शनिवारी घरी ये. आधी माझी उचलून बघ, चालवून बघ, मग ठरव."

माझी पहिली रायफल मी अशीच, कागदावरचं वजन बघून घेतली होती. साताऱ्याला कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये .22 वर पालथं पडून 25 यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचं ग्रुपिंग करायचो, म्हणजे सगळ्या गोळ्या शक्य तितक्या जवळजवळ पाडायचो. तेवढ्या अनुभवावर मी कोलोराडोत दुकानात जाऊन उभी राहिले. दहा-अकरा हजार फूट उंचीवर एल्क हरणांच्या मागे दिवसभर चालायचं, म्हणून हलकी हवी होती. दुकानदाराने 2.4 किलोची मॅग्नम हातात दिली. हातात अगदी बासरीसारखी वाटली. चौथ्या गोळीला स्कोपची कड भुवईवर आदळली आणि वीस गोळ्यांनंतर चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. ती सवय मोडायला मला पुढचं अख्खं वर्ष लागलं. भाच्याचं ते वर्ष वाचावं एवढ्यासाठी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी किचनमधला वजनकाटा काढा. जाहिरातीतलं वजन नुसत्या रायफलचं असतं, चालवताना ती नुसती कधीच नसते. माझी टिक्का टी3एक्स लाइट साधारण 3 किलोची. त्यावर स्कोप 740 ग्रॅम, स्कोपच्या रिंगा 110, बायपॉड (दोन पायांचा टेकू) 400, पट्टा 120 आणि मॅगझिनमधली पाच काडतुसं 110. बेरीज 4 किलो 480 ग्रॅम. डोंगरात जाताना बायपॉड घरी ठेवते आणि पाठपिशवीवर टेकवून नेम धरते, म्हणजे चार किलोंच्या थोडं वर. नुसत्या मैदानी स्पर्धेत उतरणाऱ्यांच्या रायफली आठ-नऊ किलोंच्याही असतात, त्या खांद्यावर टाकून चढ चढता येत नाही. चालत जाऊन निशाणी शोधायची, अंतर मोजायचं आणि चार मिनिटांत गोळ्या मारायच्या अशा एनआरएल हंटर या अमेरिकेतल्या नेमबाजी मालिकेच्या सामन्यांतसुद्धा हलक्या गटाची मर्यादा 12 पौंड, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो आहे. म्हणून मी सांगते, सगळं चढवून सव्वाचार ते पाच किलो. त्याखाली गेलात तर लांबच्या नेमाची किंमत मोजावी लागते.

ती किंमत धक्क्यात मोजावी लागते. काडतूस तेच ठेवून रायफलचं वजन निम्मं केलं, तर मागे येणारी ऊर्जा दुप्पट होते. माझ्या जुन्या मॅग्नमचा स्कोपसकट हिशेब केला तर आताच्या रायफलीच्या तिप्पट धक्का निघतो. खांदा दुखतो तो भाग वेगळा, खरं नुकसान नजरेचं होतं. लांब मारताना आपली गोळी कुठे पडली, धूळ डावीकडे उडाली की उजवीकडे, हे स्वतःच्या स्कोपमधून दिसायला हवं, तरच दुसरी गोळी सुधारता येते. रायफल उडून आभाळ दिसायला लागलं की ती माहिती गेली. एकट्याने डोंगरात फिरणाऱ्याला बाजूला बसून सांगणारं कोणी नसतं.

म्हणूनच काडतूस आधी ठरवा, रायफल नंतर. हलक्या रायफलीसाठी मी डोळे झाकून 6.5 क्रीडमूर सांगते. नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडच्या हॉर्नडी कंपनीने 2007 मध्ये ते बाजारात आणलं. सडपातळ, लांबट, हवा कापत जाणारी 140 ग्रेनची (साधारण 9 ग्रॅमची) गोळी, माफक बारूद आणि सोसवेल असा धक्का. .308 अजूनही उत्तम आहे, पण हजार यार्डांवर तिची गोळी जास्त खाली येते आणि वाऱ्याने जास्त सरकते. मॅग्नम घ्यायचीच असेल तर जड रायफलीत घ्या. माझा तिच्याशी वाद नाही, अडीच किलोच्या मॅग्नमशी आहे.

आता नळी. वजन वाचवायला कंपन्या सगळ्यात आधी नळीच बारीक करतात, आणि बारीक नळी लवकर तापते. तीन गोळ्या झाल्या की मी हाताची मागची बाजू नळीजवळ नेऊन बघते. पाचव्या-सहाव्या गोळीनंतर नळीवरून तव्यावर दिसते तशी थरथरती हवा वर येते, स्कोपमधली निशाणी पाण्यात पडल्यासारखी हलते आणि काही नळ्यांचा ग्रुपही सरकायला लागतो. शिकारीला पहिली गोळी आणि फार तर दुसरी महत्त्वाची, तिथे बारीक नळी चालते. सामन्यात एका ठिकाणी आठ गोळ्या मारायच्या असतील तर मधल्या जाडीची घ्या. पातळ पोलादी नळीवर कार्बन फायबर गुंडाळलेल्या नळ्याही मिळतात. मोंटानातली प्रूफ रिसर्च आणि युटामधली क्रिस्टेन्सन आर्म्स ही त्यातली ठळक नावं. त्या जाड दिसतात, ताठ असतात आणि तेवढ्याच जाडीच्या पोलादापेक्षा खूप हलक्या असतात. पण आतलं पोलाद तापायचं थांबत नाही, आणि त्या पैशांत कितीतरी काडतुसं येतात. पहिल्या रायफलीला मी तो खर्च करायला सांगणार नाही.

नळीच्या आतल्या खाचांचा पीळ मात्र जरूर बघा. लांबट गोळी स्थिर राहायला तिला जोरात गिरकी लागते, 6.5 ला 8 इंचांत एक फेरा. लांबी 22 ते 24 इंच पुरे. इंचामागे वेग ढोबळमानाने 20-25 फूट प्रति सेकंद कमी होतो, त्यामुळे सायलेन्सर लावायचा असेल तर 20 इंचाची घेतली तरी फार बिघडत नाही. नळीच्या तोंडाशी ब्रेक लावला तर धक्का पुष्कळ कमी होतो, पण आवाज कानठळ्या बसवणारा. तेव्हा कानात बोंडं आणि वरून कानझाप, दोन्ही लावायचंच.

यापुढचा मुद्दा पुरुषमंडळी दुकानात विचारतच नाहीत: रायफल तुमच्या मापाची आहे का? स्टॉकच्या, म्हणजे दस्त्याच्या, मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर बहुतेक तयार रायफलींत साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. मी पाच फूट तीन इंच. त्या मापात माझी मान ताणली जायची, बोट चापावर तिरकं पडायचं. पाऊण इंच कापून घेतलं आणि एका दुपारीत फरक पडला. दुसरं, गाल. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल सहज टेकवा, मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला पाहिजे. अर्धचंद्रासारखी काळी सावली दिसली तर स्टॉक गालाशी खाली आहे. टिक्का लाइटचा मला तसाच निघाला. गालाखाली बांधायची फोमची गादी मिळते, तिचं वजन नगण्य आणि तेवढ्याने काम होतं.

चाप हलका हवा, किलोच्या आसपास ओढला जाणारा. जड रायफलीत कडक चाप खपून जातो, हलक्या रायफलीत तोच चाप सगळी रायफल हलवतो. बोल्ट उघडताना किती उचलावा लागतो तेही बघा. रेमिंग्टन 700 चा 90 अंश, टिक्काचा 70, ब्राउनिंग एक्स-बोल्टचा 60. कमी उचल म्हणजे हात आणि स्कोप यांच्यात जागा जास्त. टिक्का फिनलंडमधल्या रीहीमाकीच्या साको कारखान्यात बनते आणि तिचा बोल्ट काचेवरून सरकावा तसा सरकतो. हे आकड्यांत सांगता येत नाही, दुकानात परवानगी घेऊन दहा वेळा उघडझाप करून बघा.

स्कोपवर पैसे वाचवू नका आणि वजनही उगीच वाचवू नका. अर्ध्या किलोच्या खालच्या बऱ्याच स्कोपमध्ये वर-खाली फिरवायची चाकं रोज फिरवण्यासाठी बनवलेलीच नसतात. चाकांवर मला मिलमधलंच (मिल हे कोन मोजायचं एकक) माप आवडतं, कारण हिशेब आपल्या मीटर-सेंटिमीटरचा: 100 मीटरला एक मिल म्हणजे 10 सेंटिमीटर, चाकाचा एक क्लिक म्हणजे एक सेंटिमीटर. तीन ते पंधरा-अठरा पट मोठं दिसलं की हजार मीटरला भरपूर झालं. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या आकड्याइतकेच आवळा आणि स्क्रू व रिंग यांच्यावरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवा. हलकी रायफल जास्त हिसके खाते, स्क्रू ढिले होतात. रेघ तुटलेली दिसली की ग्रुप का फाटला ते कळतं.

शनिवारी भाचा आला आणि आम्ही रॅटनला गेलो. कोलोराडो स्प्रिंग्सहून आय-25 ने दक्षिणेला, प्वेब्लो, ट्रिनिडाड, मग रॅटनची खिंड ओलांडली की न्यू मेक्सिको. तिथल्या व्हिटिंग्टन सेंटर या नेमबाजीच्या मैदानात 1,123 यार्डांवर पोलादाचा एक पांढरा गवा उभा आहे. भाच्याला मी आधी 100 यार्डांवर बसवलं. माझी चार किलोंची रायफल आणि ओळखीच्या एका गृहस्थांची हलकी मॅग्नम, दोन्ही दिल्या. मॅग्नमची तिसरी गोळी मारून तो खांदा चोळायला लागला. मग 6.5 वर वरचं चाक दहा मिलच्या आसपास फिरवलं आणि त्याला गवा दाखवला. गोळी सुटली. तो स्कोपमध्ये तसाच बघत राहिला, कारण रायफल जागेवर होती. गव्याच्या खांद्यावर करडा ठिपका उमटला. मी बोटांवर मोजत होते: दोन होता होता गोळी पोचली आणि पाचाच्या सुमाराला पोलादाचा टणत्कार आमच्यापर्यंत परत आला. परतताना ट्रिनिडाडपर्यंत त्याने मॅग्नमचं नाव काढलं नाही.

घेण्याआधी कायदा. ग्रीन कार्ड असेल तर दुकानातून घेता येते. एच-1बी वगैरे व्हिसावर केंद्रीय कायद्याने सरसकट मनाई आहे, वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. मित्राच्या नावावर घेऊन आपण वापरायची, असला प्रकार चुकूनही करू नका, तो गुन्हा आहे. दुकानात 4473 नंबरचा फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. कोलोराडोत ऑक्टोबर 2023 पासून किमान तीन दिवस थांबावंही लागतं. घरात मूल असेल तर कुलूपबंद ठेवणं इथे कायद्याने सक्तीचं आहे. मूल नसलं तरी मी बोल्ट काढून वेगळा ठेवते.

आणि घेतल्यावर पहिल्या महिन्यात तीन गोळ्यांचा ग्रुप काढून खूश होऊ नका. तीन गोळ्या योगायोगानेही चिकटतात. दहा मारा, दर गोळीनंतर नळीला दोन मिनिटं द्या. 100 मीटरला दहाही गोळ्या चार सेंटिमीटरच्या आत आल्या तर हलक्या रायफलीसाठी ते छान आहे. मग तोच प्रयोग न थांबता, घाईने करा आणि दोन्ही कागद शेजारी लावून बघा. गरम नळीचा ग्रुप कुठल्या बाजूला सरकतो ते स्टॉकच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा. पुढचा भाग हाताने नेहमी सारखाच धरा. जड रायफल सैल धरली तरी चालते, हलकी दर वेळी वेगळी धरली तर दर वेळी वेगळी उडते.

भाच्याने शेवटी 6.5 मधलीच घेतली, मधल्या जाडीच्या नळीची. सगळं चढवून 4 किलो 700 भरली. गालाची गादी अजून बसवायची आहे. पुढच्या शनिवारी येणार आहे, तेव्हा ती बांधू आणि पुन्हा दहाचा ग्रुप काढू.